हेड्रियनच्या भिंतीवर साइट व्हिजिट

"बाबा, शनिवारी भिंत बघायला जाऊ," जावई म्हणाला.

"कसली, रिटेनिंग?" मी विचारलं.

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. पण चौतीस वर्षं रस्त्याच्या कामांवर काढलेल्या माणसाला भिंत म्हटलं की आधी डोंगर धरून ठेवणारी भिंतच दिसणार. साताऱ्याकडच्या घाटांत अशा किती बांधून घेतल्या ते मोजलं नाही. म्हणजे मोजलं, एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, एकूण एक लिहिलं, फक्त बेरीज कधी केली नाही.

सध्या आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडात न्यूकॅसलला आलोय. रोमन सम्राट हेड्रियनने बांधून घेतलेली भिंत इथूनच जाते. ती आणि जावई सकाळी कामाला जातात, ही स्वयंपाकघराचा ताबा घेते आणि मी चालायला बाहेर पडतो. आल्यावर चौथ्या दिवशी असाच चालत बेनवेल भागात गेलो. साधी वस्ती, एकाला एक चिकटलेली घरं, दारात कचऱ्याचे उंच डबे. आणि मधेच कुंपण घातलेला एक लांबट खड्डा, त्यावरून दगडी बांधणीची वाट आरपार गेलेली. पाटी वाचली. रोमन किल्ल्याच्या दक्षिणेचा चर आणि तो ओलांडायची वाट. किल्ला सगळा रस्त्याखाली आणि घरांखाली गेलाय, हा तुकडा तेवढा उरलाय. बाजूच्या घरातला माणूस शांतपणे गाडी धूत होता.

घरी येऊन वाचत बसलो. त्याच बेनवेलच्या किल्ल्यातल्या धान्याच्या कोठारावर एक शिलालेख सापडलाय. कोठार बांधलं कोणी? ब्रिटनमधल्या रोमन आरमाराच्या तुकडीने. गलबतांवरची माणसं आणून त्यांच्या हातात थापी दिली! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की या लोकांकडे बांधकामाला वेगळं खातं नव्हतं. निविदा नाही, कंत्राटदार नाही. सैन्य हेच खातं, सैन्य हाच कंत्राटदार आणि सैन्य हाच मजूर.

दुसऱ्या शतकातली एक यादी रोमन कायद्याच्या संग्रहात टिकून राहिली आहे. सैन्यातल्या कोणाकोणाला नेहमीच्या अवजड कामांतून सूट, त्याची यादी. मोजणीदार, वैद्य, चर खणणारे, नावाडी, जहाज बांधणारे, सुतार, लोहार, तांब्याचं काम करणारे, शिशाचं काम करणारे, छपराच्या फळ्या पाडणारे, पाथरवट, चुना भाजणारे, लाकूड फोडणारे, कोळसा पाडणारे. आणि पाणाडे! जमिनीखालचं पाणी शोधणारा माणूससुद्धा सैन्याच्या पटावर. मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही म्हणाली, "आणि लढायचं कोणी?"

तर शनिवार. सकाळी डबा घेऊन निघालो. डब्यात थालीपीठं, कारण हिचा इथल्या सँडविचवर विश्वास नाही. भिंतीच्या बाजूने एक बसही जाते आणि तिचा नंबरच एडी १२२ आहे. सम्राट हेड्रियन ब्रिटनमध्ये आला आणि भिंतीचं काम निघालं ते इसवी सन १२२ मध्ये, म्हणून. पण आम्ही गाडीने गेलो. कारण मला वाटेत वाट्टेल तिथे थांबायचं होतं आणि बसवाला काही माझं ऐकणार नव्हता.

थोडक्यात माहिती देतो. पूर्वेला टाइन नदीकाठच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला सॉलवेच्या खाडीवरच्या बोनेसपर्यंत ८० रोमन मैल, म्हणजे ११७ किलोमीटर. त्या वेळचा सुभेदार प्लॅटोरियस नेपोस. कामाला तीन लीजन, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणी: दुसरी ऑगस्टा, सहावी व्हिक्ट्रिक्स आणि विसावी व्हॅलेरिया व्हिक्ट्रिक्स. दर रोमन मैलाला एक दरवाजाची चौकी, दोन चौक्यांच्या मधे दोन बुरूज. पूर्वेकडचा भाग दगडी, पश्चिमेकडचा आधी हिरवळीच्या मातीचे चौकोन कापून रचलेला, नंतर तोही दगडात केला. उत्तरेला खंदक, दक्षिणेला सपाट तळाचा मोठा चर आणि त्याच्या दोन्ही अंगांना मातीचे बांध. बाकी पाटीवर असतं.

आता आपण ज्या रस्त्याने जातो, त्याबद्दल मात्र जरा सांगायला हवं. न्यूकॅसलहून पश्चिमेकडे निघालं की हा रस्ता नाकासमोर सरळ जातो. वर चढतो, खाली उतरतो, पण वळत नाही. मला आधी वाटलं, रोमन रस्ता. तर नाही. १७४५ मध्ये स्कॉटलंडातून उठलेल्या बंडात इंग्रजांचं सैन्य न्यूकॅसलहून कार्लाइलला वेळेवर पोचू शकलं नाही, रस्ताच धड नव्हता. म्हणून १७५० च्या दशकात हा लष्करी रस्ता बांधला. आणि सोलिंगला, म्हणजे रस्त्याच्या तळथराला, दगड कुठून आणला? भिंत पाडून. मैलच्या मैल भिंत जमीनदोस्त केली, दगड फोडून पसरले आणि वरून रस्ता नेला. जावई गाडी चालवत होता आणि आम्ही चौघं अक्षरशः हेड्रियनच्या भिंतीवरून चाललो होतो. लेक हळहळली. मीही हळहळलो. पण खरं सांगतो, आतून एक आवाज म्हणत होता, की हाताशी पक्का पाया तयार, दगड जागेवर, लीड शून्य, म्हणजे वाहतूक नाहीच. मी असतो तर? जाऊ दे.

पहिला थांबा प्लेनट्रीज. रस्त्यालगतच्या कुरणात भिंतीचा एक छोटा तुकडा, भोवती मेंढ्या. पर्यटक फारसे थांबत नाहीत, कारण बघायला काही नाही असं वाटतं. मला तिथून हलवायला जावयाला दोनदा हाक मारावी लागली.

कारण त्या तुकड्यात डिझाइन बदललंय.

म्हणजे असं. मूळ नकाशाप्रमाणे भिंत दहा रोमन फूट रुंद. त्याप्रमाणे पाया भरत गेलेली टोळी पुढे गेली. मागून वरचं बांधकाम करणारे आले. मधेच वरून हुकूम आला: भिंतीची रुंदी कमी करा. पाया तर भरून झालेला. मग काय करणार? रुंद पायावर अरुंद भिंत चढवली. प्लेनट्रीजला एका अंगाला दहा फुटी भिंत आहे, ती एका ठिकाणी थांबते, आणि पुढे त्याच रुंद पायावर बारकी भिंत सुरू होते. पायाचा उरलेला भाग पायरीसारखा बाहेर डोकावतोय. दोन हजार वर्षांपूर्वीचं सुधारित अंदाजपत्रक! कामाला वेग यावा म्हणून केलं असावं, असं बहुतेक अभ्यासक म्हणतात. काम चालू असताना भिंतीलगत मोठे किल्लेही बांधायचं ठरलं, म्हणजे व्याप वाढला आणि माणसं तीच. हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

भिंतीची बांधणी बघितली. दोन्ही तोंडांना घडीव दगड, शेपटीकडे निमुळते केलेले, म्हणजे आतल्या भरावात पाचरीसारखे घुसून बसतील. मधे रबल, म्हणजे दगडगोट्यांचा भराव. आणि खाली भिंतीतून आरपार काढलेली एक मोरी. लहानशीच, पण काढलीय. उताराचं पाणी भिंतीमागे तुंबू नये म्हणून. मी गुडघ्यावर बसून मोरीत डोकावलो तेव्हा आमच्या हिने फोटो काढला आणि बहिणींच्या ग्रुपवर टाकला: "इथे येऊनही मोरीच बघतायत."

हा तुकडा उरला त्यामागेही एक गोष्ट आहे. १८०१ मध्ये विल्यम हटन नावाचा गृहस्थ वयाच्या ७८ व्या वर्षी बर्मिंगहॅमहून चालत भिंत बघायला आला. इथे पोचला तर जमीनमालक घर बांधायला भिंतीचा दगड काढतोय. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने विनवण्या केल्या आणि उरलेलं वाचलं. मी ६४ वर्षांचा आहे. कार पार्कपासून चाललो तरी गुडघे बोलतात.

तिथे उभा असताना मला माझी स्वतःची भिंत आठवली. नोकरीचं दुसरं वर्ष. घाटात संरक्षक भिंतीचं काम होतं आणि पावसाळ्याआधी उरकायचं म्हणून दोन टोकांनी दोन टोळ्या लावल्या. आखणी माझी. खुंट्या मीच मारलेल्या. दोन टोळ्या जवळ आल्या तेव्हा लक्षात आलं की भिंती एका ओळीत नाहीत, नऊ इंचांचा फरक आहे. मधली एक खुंटी ट्रकने उडवली होती आणि मी ती अंदाजाने पुन्हा ठोकली होती. मोजून नाही, डोळ्याने. मला घाम फुटला. तात्या मुकादमाने ओळंबा खिशात घातला, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, घाटात सरळ भिंत दिसतीय का कुठं? वळवून घेतो." पंधरा फुटांत त्याने असा बाक दिला की मुद्दाम काढल्यासारखा वाटावा. ती भिंत आजही उभी आहे, कंबरेत किंचित वाकून.

त्यामुळे नोनियस डेटसची हकिगत वाचली तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. हा तिसऱ्या ऑगस्टा लीजनचा लेव्हल घेणारा, म्हणजे उंचसखल मोजणारा माणूस, उत्तर आफ्रिकेतला. आज अल्जीरियात बेजाया आहे, तिथे तेव्हा साल्डाय नावाचं गाव होतं. गावाला पाणी आणायला डोंगरातून बोगदा काढायचा होता. नोनियसने आखणी करून दिली. डोंगराच्या माथ्यावरून पूर्व-पश्चिम खुंट्या मारल्या. दोन्ही तोंडांनी खणायला सुरुवात झाली आणि हा आपल्या लीजनकडे परत गेला. काही वर्षांनी तिथल्या अधिकाऱ्याचं पत्र आलं की त्याला परत पाठवा. हा निघाला. वाटेत दरोडेखोरांनी गाठलं, नागवं करून मारलं, जखमी होऊन कसाबसा सुटला. साल्डायला पोचला तर सगळे तोंडं पाडून बसलेले. दोन्ही बाजूंचं खोदकाम मिळून डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त झालं होतं आणि टोळ्या एकमेकींना भेटल्याच नव्हत्या! वरच्या तोंडाची टोळी आपल्या उजवीकडे सरकत दक्षिणेला गेली होती आणि खालच्या तोंडाची तिच्या उजवीकडे सरकत उत्तरेला. खुंट्यांची रेघ दोघांनीही सोडली होती. मग नोनियसने एका बाजूला आरमाराचे सैनिक आणि दुसऱ्या बाजूला डोंगरी तुकडीचे सैनिक लावले, दोघांत चुरस लावली आणि बोगदा आरपार काढला. ४२८ मीटर.

हे सगळं आपल्याला कळतं, कारण नोनियसने ते दगडावर कोरून ठेवलं. वर तीन शब्द: धीर, धमक, आशा. सरकारी पत्रव्यवहाराची नक्कलसुद्धा त्यात घातली. शाबास रे पठ्ठ्या! फाइल हरवते, दगड हरवत नाही. माझ्या नऊ इंचांची नोंद मात्र एमबीत नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

प्लेनट्रीजहून पुढे लाइमस्टोन कॉर्नर. नाव चुनखडीचं, पण तिथे चुनखडीचा खडा नाही. भिंतीच्या अगदी उत्तरेकडच्या टोकाचं हे वळण. गाडीतून उतरलो, वारा असा की टोपी हातात धरावी लागली. रस्त्यापलीकडे खंदक आहे, आणि खंदकात प्रचंड काळे धोंडे पडलेत. काही खंदकाच्या काठावर, काही तळात, एक तर अर्धाच सुटलेला.

मी जवळ गेलो, हात लावला आणि घरी आल्यासारखं वाटलं. काळा, जड, नखाने न हलणारा. आपल्या बेसाल्टचाच भाऊबंद! याला इथे व्हिनस्टोन म्हणतात. खरं नाव डोलेराइट. शिलारस तसाच, पण जमिनीवर न येता पोटातच सावकाश थंड झाला, म्हणून दाणा जरा मोठा. भिंतीचा मधला भाग याच खडकाच्या कड्यावरून धावतो. रस्त्याच्या खडीला इथले लोकही हाच दगड वापरतात.

आणि खंदकातल्या एका धोंड्याच्या पाठीवर ओळीने खाचा. बोटभर लांब, एकीपुढे एक, सरळ रेषेत. पाचरी मारायच्या खाचा. ज्याने पाथरवटाला काम करताना पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. आधी दगडाची शीर बघायची, छिन्नीने खाचा पाडायच्या, खाचांत लोखंडी पाचरी बसवायच्या, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत घण मारत जायचं, प्रत्येक पाचरीवर सारखा. एकीवर जास्त मारला की दगड वाकडा फुटतो. तात्या तर आवाजावरून सांगायचा. पाचरीचा आवाज चढत चढत जातो आणि मग एका घणाला एकदम बसका येतो. "सुटला," तो म्हणायचा, आणि मग चीर दिसायची.

हा धोंडा सुटला नव्हता. खाचा पाडून झाल्या होत्या आणि काम तिथेच थांबलं होतं. दोन हजार वर्षं थांबलेलंच आहे. खंदक इथे अपुरा सोडून दिलाय. मजा म्हणजे दक्षिणेकडचा तो सपाट तळाचा चर याच खडकातून पूर्ण खोदून काढलाय. शत्रूच्या बाजूचा खंदक अपुरा आणि आपल्या बाजूचा चर पुरा! यावर विद्वानांनी काय काय लिहिलंय. मला एवढंच दिसत होतं की इथे कोणीतरी घण खाली ठेवला आणि कपाळ पुसलं. त्या खाचेत मी करंगळी घालून बघितली, पहिल्या पेरापर्यंत गेली. फोटो काढला आणि तात्याला पाठवला. खाली लिहिलं, "दोन हजार वर्षांपूर्वीचं काम आहे. अर्धवट का सोडलं असेल?" तात्या आता सत्तरीत आहे, नातवाचा फोन वापरतो, उत्तर यायला वेळ लागतो.

पुढचा थांबा हाउसस्टेड्स, हा मोठा किल्ला. इथे गर्दी. डबा इथेच खाल्ला, किल्ल्याच्या तटाला पाठ लावून, वाऱ्याच्या आडोशाला. सगळे लोक इथलं सार्वजनिक शौचालय बघायला जातात, आम्हीही गेलो. पावसाचं पाणी दगडी टाक्यांत साठवायचं आणि ते खालच्या गटारातून सोडून घाण वाहून न्यायची, अशी योजना. उतार अजून शाबूत आहे. मी बघत राहिलो, ही लांब जाऊन उभी राहिली.

मला जास्त आवडलं ते किल्ल्याच्या आत उघडं ठेवलेलं एका बुरुजाचं जोतं. मूळ योजनेत भिंत इथून जाणार होती, त्याप्रमाणे बुरूज बांधला. मग किल्ल्याचा निर्णय झाला. बुरूज पाडला, त्याच्यावरून किल्ला नेला. पाडलेल्या बुरुजाच्या दगडांना कोणाचा घाम लागला होता, त्याचा हिशोब कुठे नाही.

किल्ल्यापासून पश्चिमेला कड्याच्या कडेने चालत गेलं की ३७ क्रमांकाची मैलचौकी लागते. चौकी सुंदर, उत्तरेच्या दरवाजाची कमान अजून थोडी टिकलीय. मी त्या दरवाजातून पलीकडे बघितलं आणि हसायलाच आलं. पलीकडे उतार असा, की गाडी सोडा, बकरीही विचार करेल. दर मैलाला चौकी, दर चौकीला उत्तरेकडे दरवाजा, हे टाइप प्लॅनमध्ये, म्हणजे सगळीकडे वापरायच्या ठरावीक नकाशात, लिहिलेलं. मग समोर कडा असो की दरी. ज्याने हा दरवाजा बसवला त्याला दिसत नव्हतं असं थोडंच आहे? पण नकाशावर दाखवलाय ना, मग बसव. नंतरच्या काळात दरवाजा अरुंद केला. मीही एकदा टाइप प्लॅनप्रमाणे अशा जागी मोरी बांधलीय, जिथे पाणी कधी आलंच नाही. लेखापरीक्षणात अडकायचं नसेल तर मोरी बांधावी.

भिंतीच्या दगडांवर मधे मधे बारीक कोरीव अक्षरं सापडतात. आम्ही संग्रहालयात बघितली. उलटा सी सारखी खूण, म्हणजे शतक, ऐंशी जणांची तुकडी. पुढे तिच्या नायकाचं, सेंचुरियनचं नाव. अमक्याच्या शतकाने हे बांधलं. प्रत्येक तुकडीला ठरावीक लांबी वाटून दिलेली आणि जिथे तिचं काम संपलं तिथे खुणेचा दगड. शोभेसाठी नव्हे, बाण-भाल्याचं चित्र नाही, देवाचं नाव नाही. ही निव्वळ मोजमापाची नोंद. चेनेज, म्हणजे अंतर, इथून तिथपर्यंत, टोळी अमुक. उद्या भिंत फुगली तर कोणाला धरायचं ते दगडावरच लिहिलंय.

शेवटी व्हिंडोलांडा, हाही रोमन किल्लाच. पाऊस सुरू झाला होता म्हणून थेट आत शिरलो. १९७३ पासून इथल्या ओल्या चिखलात लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडत आल्या आहेत, पोस्टकार्डाएवढ्या, शाईने लिहिलेल्या. भिंतीच्याही आधीच्या, साधारण इसवी सन ९० ते १२० मधल्या. बऱ्याचशा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, थोड्या इथे. सैन्याच्या छावणीतली रोजची कागदपत्रं. त्यात एक हजेरी आहे. तारीख २५ एप्रिल. कारखान्यात माणसं ३४३. पैकी चांभार १२, स्नानगृहाच्या बांधकामावर १८, पुढे शिशाला इतके, भट्टीला, मातीला, गिलाव्याला. मस्टर रोल! मी रोज सकाळी साडेआठला हेच लिहायचो. फक्त माझ्याकडे चांभार नव्हते.

आणि एक पत्र. ऑक्टेव्हियस नावाचा माणूस कँडिडसला लिहितो. पुरवठ्याचा व्यवहार आहे, त्याने पाच हजार मापं धान्य घेतलंय, पैसे अडकलेत. कमीत कमी पाचशे दिनार पाठव, नाहीतर दिलेली तीनशेची उचल बुडेल आणि माझी शोभा होईल. कॅटरिक गावी कातडी पडून आहेत, ती आणायला मी गेलोही असतो, पण जनावरांना त्रास नको म्हणून थांबलोय, कारण, पत्रात लॅटिन आहे, त्याचा अर्थ जावयाने वाचून दाखवला: "रस्ते खराब आहेत."

रोमन रस्ते! ज्यांची चित्रं आम्हाला कॉलेजात पहिल्या तासाला फळ्यावर काढून दाखवली, चार थर, मधे उंचवटा, दोन्हीकडे गटार. त्या रोमनांचाच माणूस लिहितोय की रस्ते खराब आहेत. मी इतका मोठ्याने हसलो की तिथली बाई वळून बघायला लागली. चौतीस वर्षं मी हे वाक्य अर्जात, वर्तमानपत्रात, फोनवर आणि लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. त्या दिवशी पहिल्यांदा ते ऐकून बरं वाटलं.

रात्री घरी आल्यावर झोप येईना. जावयाने रोमन सैन्याबद्दल काय काय काढून दिलं होतं, ते वाचत बसलो. पुस्तकांत नेहमी सेनापती बोलतात. कॉर्बुलो नावाचा सेनापती म्हणायचा की शत्रूला डोलाब्राने जिंकायचं असतं. डोलाब्रा म्हणजे एका अंगाला कुऱ्हाड, दुसऱ्या अंगाला टिकाव. वाक्य झकास आहे. याच कॉर्बुलोने इसवी सन ४७ मध्ये सैन्य रिकामं बसू नये म्हणून मास आणि ऱ्हाइन नद्यांच्या मधे २३ मैलांचा कालवा खणून घेतला. चर खणताना कमरेला तलवार नव्हती म्हणून एका सैनिकाला त्याने मारून टाकलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो, आणि ऐकीव असेल असंही सुचवतो.

पण त्याच टॅसिटसमध्ये टिकाव मारणाऱ्यांची बाजूही आहे. कर्टियस रुफस नावाच्या दुसऱ्या सेनापतीने ऱ्हाइनपलीकडे सैनिकांना चांदीच्या खाणीत जुंपलं. चांदी थोडी निघाली, माणसं पार थकली. कालव्यावर ते, खाणीत ते, सगळीकडे तेच. तेव्हा सैनिकांनी गुपचूप सम्राट क्लॉडियसला सगळ्या सैन्यांच्या नावाने पत्र लिहिलं: सेनापतीला सैन्य द्यायच्या आधीच विजयाचा मान देऊन टाकत जा. म्हणजे मानासाठी आम्हाला खणायला लावणार नाही! असा टोमणा आमच्या टोळीतही एखादाच मारू शकला असता.

इसवी सन १४ मध्ये तर स्फोटच झाला. आज स्लोव्हेनियात आहे त्या नाउपोर्टसजवळ काही तुकड्या रस्ते आणि पुलांच्या कामावर पाठवलेल्या होत्या. मुख्य छावणीत सैनिकांनी बंड केल्याची बातमी आली तशी त्यांनी कामं टाकली. ऑफिडियेनस रुफस हा छावणीचा प्रमुख, कामं करून घेणारा. त्याला गाडीतून खाली ओढला, त्याच्या पाठीवर सामान लादलं आणि पुढे घालून चालवत नेला. वर विचारत होते, काय, ओझं आवडलं का? एवढी लांब चाल बरी वाटते ना? हा रुफस स्वतः साध्या शिपायापासून वर चढलेला. स्वतः सगळं सोसलेलं, म्हणून दुसऱ्याला दयामाया नाही. मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता जीपमधून उतरून "एवढंच झालं?" असं विचारणारा एक माणूस मला आठवत होता. तो मीच.

आणि मग मिशिगन विद्यापीठात जपलेलं एक पपायरसचं पत्र, इसवी सन १०७ मधलं. ज्युलियस अपोलिनारिस हा इजिप्तमधल्या कारानिस गावचा पोरगा, सैन्यात लागून अरबस्तानात गेलेला. वडिलांना लिहितो, देवाची कृपा की बाकी सगळे दिवसभर दगड फोडतायत आणि मी मात्र पदावर असल्यामुळे काही न करता हिंडतोय. बापाला किती बरं वाटलं असेल! पोरगा सुपरवायझर झाला. माझ्या वडिलांनी माझ्या नेमणुकीचा कागद देवापुढे ठेवला होता, त्यांच्याही मनात असंच काहीतरी असणार: पोरगा उन्हात असेल, पण घण त्याच्या हातात नसेल.

हे सगळं वाचेपर्यंत एक वाजला. ही दोनदा येऊन दिवा घालवण्याबद्दल बोलून गेली.

सकाळी उठलो तर तात्याचं उत्तर आलं होतं, नातवाच्या फोनवरून, बोललेलं. आधी खोकला, मग मागे कोंबडा, मग तात्याचा आवाज.

"साहेब, फोटो बघितला. खाचा चांगल्या पाडल्यात, एका रेघेत हैत. पण पाचरी उथळ बसल्या असत्या, अजून दोन बोटं खाली जायला पायजे होतं. माणूस जाणता हाय, मग सोडला कशापायी?" थोडं थांबून म्हणाला, "कठीण खडकाला मुरमाच्या खोदाईचाच रेट दिला आसंल, दुसरं काय."